हिरव्या मेल्याशी भांडणाऱ्या आपा

आपा जंतूंशी भांडायच्या. मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने, आणि चांगल्या ठेवणीतल्या कोकणी शिव्या घालून. सकाळी प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर उघडला की आतून उतरलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास यायचा. तो स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा वास. चपट्या प्लास्टिकच्या बशीत तो रातोरात वाढून हिरवागार पसरलेला असायचा. आपा ती बशी उजेडात धरायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि सुरू व्हायच्या. "आलास मेल्या? एवढं औषध पाजलं तरी आलास? लाज नाय तुला?" शेजारच्या टेबलावरचे फिलिपिनो आणि सुदानी सहकारी मान वरसुद्धा करत नसत. आपांचा दिवस सुरू झाला, एवढंच ते समजायचे.

त्यांचं नाव डॉक्टर झुलेखा, पण ते फक्त ओळखपत्रावर. दोह्याच्या त्या संशोधन केंद्रात सगळे त्यांना आपाच, म्हणजे ताईच, म्हणत. परदेशी लोकांना ते त्यांचं नावच वाटायचं, आणि त्यांचे ईमेलही 'डिअर आपा' असे सुरू व्हायचे. आपा मूळच्या दाभोळ खाडीकाठच्या. नवरा, हुसेनभाई, मेसईदच्या खत कारखान्यात तंत्रज्ञ. त्यांच्यामागून त्या कतारला आल्या आणि आपल्या पदवीच्या जोरावर स्वतःची नोकरी मिळवून बसल्या. कंपनीचं घर दोह्याबाहेर मेसईदला होतं, म्हणून रोज बसने ये-जा. उन्हाळ्यात त्या बसमधून उतरून येईपर्यंत चष्म्याच्या काचा धुक्याने भरलेल्या असत. पहिलं वाक्य ठरलेलं. "यल्ला, कामाला लागा. तो मेला सुट्टी घेत नाय."

मी लातूरची. नवऱ्याच्या आयटीतल्या कॉन्ट्रॅक्टमुळे इथे आले, दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि आपांच्या हाताखाली संशोधन सहायक म्हणून लागले. पहिल्या दिवशी मी इंग्रजीतून ओळख करून दिली. त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि म्हणाल्या, "काय गो, मराठी विसरलीस काय इथं येऊन?" तेव्हापासून आमचं काम मराठीतून चाललं. माझी लातूरची भाषा त्यांना रांगडी वाटायची, त्यांची मला हेल काढल्यासारखी. पण आमच्या विषयातल्या अवघड गोष्टी मला खऱ्या कळल्या त्या त्यांच्या त्या हेलातच.

आमचा विषय असा होता. टोब्रामायसिन हे जुनं, ओळखीचं प्रतिजैविक. स्यूडोमोनास त्याने एरवी मरतो, पण जखमेत जम बसवला की मरत नाही. कारण तो स्वतःभोवती एक बुळबुळीत थर विणतो. "गोधडी पांघरून बसतो मेला," आपा सांगायच्या. "औषध बाहेर दार ठोठावत बसतं आणि हा आत घोरतो." म्हणून आम्ही ते औषध चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरत होतो. एका केसाच्या जाडीत अशा शेकडो गोळ्या शेजारी शेजारी मावतील इतक्या बारीक. त्या गोधडीतून आरपार जायच्या आणि आत जाऊन फुटायच्या. औषध नेमकं जंतूच्या उशाशी पोचायचं. निदान तसं व्हावं अशी आमची इच्छा होती.

बशीत ते व्हायचंही. गोळ्यांतून दिलं तर थोडंसं औषधही पुरायचं. गटाचे प्रमुख डॉक्टर नबील, मूळचे बैरूतचे, अतिशय हुशार आणि तितकेच गोड बोलणारे, आलेख बघून टाळ्या वाजवायचे. आपा मात्र हातमोजे काढत म्हणायच्या, "स्वच्छ भांड्यात जिंकायला काय लागतं? माणसाची जखम म्हणजे काय भांडं आहे?"

हे त्या नुसतं तोंडाने म्हणत नव्हत्या. शुक्रवारी सुट्टी असली की त्या बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत जायच्या. रत्नागिरी-रायगडकडचे पुष्कळ लोक तिथे राहतात, त्यांच्या ओळखीतून सुरू झालेलं ते. कधी मीही बरोबर जायची. आपा खुर्ची टाकून बसायच्या आणि येईल त्याला सांगायच्या, "मोजा काढ. पाय दाखव." साखरेचा आजार असलेल्यांच्या पायांना लागलेलं कळत नाही, जखम चिघळते आणि मग पाय कापायची वेळ येते, हे त्या तिथे न कंटाळता बोलत. एकदा महाडकडच्या एका प्लास्टर करणाऱ्याने अर्धी राहिलेली प्रतिजैविकाच्या गोळ्यांची पट्टी खिशातून काढून दाखवली. पुढच्या वेळी लागली तर म्हणून त्याने जपून ठेवली होती. आपा अशा भडकल्या की आजूबाजूचे चार जण मागे सरकले. "अर्ध्या औषधाने जंतू मरत नाय, शहाणा होतो! तू त्याला शाळेत घालतोस काय?" तो बिचारा म्हणाला, "आपा, बरं वाटलं म्हणून थांबवल्या." "बरं तुला वाटलं. त्याला विचारलंस?"

इतक्या लोकांचे पाय बघणाऱ्या या बाईने स्वतःचे पाय मात्र बघितले नाहीत. त्यांनाही साखर होती, वर्षानुवर्षांची. मेसईदच्या घराच्या गच्चीवर त्या बोंबील सुकत घालायच्या. कतारच्या उन्हाइतकं बोंबलांना मानवणारं ऊन जगात नाही असं त्यांचं मत होतं. एका दुपारी वारा सुटला म्हणून त्या तशाच अनवाणी गच्चीवर धावल्या, सगळं गोळा केलं, खाली आल्या. गच्चीच्या तापलेल्या लादीने तळवे पोळले होते, त्यांना कळलंच नाही. चार दिवसांनी बुटात ओल लागली तेव्हा त्यांनी पाय बघितला.

मी इस्पितळात गेले तेव्हा त्या पलंगावर ताठ बसलेल्या होत्या, आजारी माणसासारख्या अजिबात नाही. ड्रेसिंग बदलत असताना खोलीत तोच गोडसर वास आला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्याच म्हणाल्या, "ओळखलास ना वास? घरचाच आहे."

औषधं सुरू होती, पण दोन बोटं काळी पडली होती. ती काढली नाहीत तर पाऊल जाईल असं सर्जनने सांगितलं. बाहेर व्हरांड्यात हुसेनभाई उभे होते. कमी बोलणारा माणूस. एरवी आपांची चेष्टा करायची तर एवढंच म्हणायचे, की हिला जंतू घाबरतात, मी तर साधा माणूस. त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे हात जोडले नाहीत एवढंच. म्हणाले, "पोरी, तुमच्या त्या गोळ्या आहेत ना फ्रिजमध्ये. हिला देता नाय येणार? कुणाला सांगायचं नाय. मी सही करून देतो पाहिजे तर."

दार उघडंच होतं. आतून आपांचा आवाज आला, "आत या दोघंही."

आम्ही गेलो. मी इतका राग त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता, आणि मी त्यांचे बरेच राग पाहिले होते.

"ते औषध नाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अजून तो प्रश्न आहे. प्रश्न कुणाच्या पायात टोचत नाहीत. उंदरालासुद्धा दिलेलं नाय अजून ते."

"तुझा पाय आहे, झुलेखा," हुसेनभाई म्हणाले. तोपर्यंत त्यांना आपांचं नाव घेताना मी ऐकलं नव्हतं.

"म्हणूनच सांगते. मी घेतलं आणि बरी झाले, तर उद्या कुणीही फ्रिज उघडेल. मी घेतलं आणि मेले, तर हे काम मरेल. दोन्हीकडून हा मेलाच जिंकतो." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "बोटं जाऊ देत. दोनच आहेत. त्याला बोटं देईन, पण हे नाय देणार."

हुसेनभाई पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी पांघरुणावरून आपांचं पाऊल हातात धरलं. मी बाहेर आले.

शस्त्रक्रियेआधी त्यांनी सर्जनला आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या जखमेतला जंतू आमच्या प्रयोगशाळेला मिळावा. इस्पितळाकडून आम्हाला रुग्णांचे जंतू मिळतच असत, नाव-गाव पुसून, रीतसर परवानगीने. तसाच हाही आला, इतरांसारखाच एक क्रमांक चिकटवून. पण तो कुणाचा हे आपांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. कामावर परत आल्या त्या दिवशी पायात पुढून उघडा बूट, हातात काठी, आणि इन्क्युबेटरसमोर उभ्या. "कुठाय माझा भाडेकरू?"

तो बशीत सरळ मेला. आमच्या गोळ्यांनी त्याचा एक ठिपकाही ठेवला नाही. डॉक्टर नबीलना वाटलं आपा खूश होतील. त्या म्हणाल्या, "आता जखमेच्या पाण्यात कर." म्हणजे जखमेत जसं प्रथिनांनी भरलेलं, घाणेरडं पाणी साचतं, तसं मुद्दाम बनवून त्यात तोच प्रयोग. मी केला. जंतू जसाच्या तसा हिरवागार उठून बसला. आपांच्या जुन्या संशयाला आता पुरावा मिळाला होता. त्या पाण्यातली प्रथिनं आमच्या गोळ्यांना चिकटत होती, गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचे गठ्ठे होत होते, आणि गठ्ठा काही गोधडीत शिरत नव्हता. इतर रुग्णांचे जंतू घेतले, तरी तेच.

आणि नेमकं त्याच सुमाराला समितीसमोर सादरीकरण आलं. हे काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं ते ही समिती ठरवणार होती. डॉक्टर नबीलनी ठरवलं की स्वच्छ बशीतले निकाल दाखवायचे आणि जखमेच्या पाण्याचं शेवटी 'पुढील टप्पा' म्हणून एका ओळीत उरकायचं. खोटं त्यात काही नव्हतं. असं सगळेच करतात. त्यांनी आपांना समजावलं, "आपा, काम वाचलं तर पुढचा टप्पा करता येईल. बंद पडलं तर काहीच नाही." मलाही ते पटलं होतं, हे सांगायला हवं. आपा ऐकून घेत होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, आणि आम्ही तिथेच फसलो.

सादरीकरण छान झालं. आलेख सुंदर, डॉक्टर नबीलचं बोलणं त्याहून सुंदर. शेवटी समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "काही मोठी अडचण?" डॉक्टर नबील म्हणाले, "नेहमीच्याच, तांत्रिक." तेव्हा मागच्या रांगेत काठी वाजली. आपा उभ्या राहिल्या.

"जखमेच्या पाण्यात हे चालत नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या, सावकाश, एकेक शब्द वेगळा काढून. "आम्ही करून बघितलं आहे. शेवटच्या ओळीत ज्याला 'पुढील टप्पा' म्हटलंय, तो जंतू माझ्या पायातून आला आहे. त्याला पुढे ढकलू नका. तो आत्ताच आहे."

समितीतल्या त्या बाई आपांच्या उघड्या बुटाकडे बघत होत्या. बघायचं नाही असं ठरवूनही सगळेच बघत होते. आपा खाली बसल्या नाहीत. प्रश्न येतील म्हणून उभ्याच राहिल्या, आणि मग प्रश्न आले, तासभर. त्यांची उत्तरं आपाच देत होत्या.

बाहेर आल्यावर डॉक्टर नबील पांढरे पडले होते. "आपा, तुम्ही माझं घर पाडलंत," ते म्हणाले.

"पडणारच होतं, डॉक्टर. आज पडलं तेव्हा आत पेशंट नव्हता."

समितीने काम एकदम बंद केलं नाही. थोडी मुदत दिली, पण माणसं कमी केली. आपांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, ते पुढे वाढणार नाही असं त्यांना कळवण्यात आलं. कारण वयाचं दिलं. आम्ही सगळे काय ते समजलो. मी चिडून म्हणाले, "आपा, तुम्ही गप्प बसला असता तर इथे असता." त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "इथं असते, पण करत काय असते गो? आलेख रंगवत?" आणि मग, "खलास. रडायला पुढे वेळ आहे. राहिलेल्या दिवसांत या गोळ्यांना इरलं शिवू."

इरलं म्हणजे भरपावसात लावणी करताना कोकणात डोक्यावरून पाठीवर घेतात ते पानांचं आच्छादन. लातूरच्या मला ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. गोळ्यांवर असं एक आवरण चढवायचं की प्रथिनं चिकटणार नाहीत. पण तेवढ्याने भागत नव्हतं. आवरण घातलेल्या गोळ्या जंतूलाही चिकटेनात, आल्या तशा त्याच्या अंगणातून निघून जायच्या. आपा म्हणाल्या, "घरात शिरल्यावर कुणी इरलं घालून बसतं काय? आत गेल्यावर उतरलं पाहिजे." जंतूंच्या गोधडीत बाहेरच्यापेक्षा जरा आंबटपणा असतो. त्या आंबटपणात सुटेल असं आवरण शोधायचं होतं. असा विचार जगात इतरांनीही केलेला होता, त्यांचे लेख आम्ही वाचून काढले. पण आमच्या गोळ्यांना ते लागू पडेना. कधी आवरण वाटेतच सुटायचं, कधी सुटायचंच नाही. बाहेर उन्हाळा भाजत होता आणि आत आपा उंच स्टुलावर बसून, दुखरा पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून, मला प्रत्येक मिश्रणावरून झापत होत्या. फिलिपिनो सहकाऱ्याने नळ्यांवर 'इरला' असं इंग्रजीत लिहायला सुरुवात केली. आपांना त्याचं फार कौतुक वाटलं, पण 'ला' नाही, 'लं', हे त्याच्याकडून घोटून घेतल्याशिवाय त्यांनी त्याला सोडलं नाही.

एका सकाळी मी इन्क्युबेटर उघडला आणि वास आला नाही. जखमेच्या पाण्यातून काढून वाढवलेल्या बशीवर, आपांच्या पायातल्या जंतूच्या बशीवर, काहीच नव्हतं. मी ओरडलेच. आपा काठी टेकत आल्या, बशी उजेडात धरली, उलटी केली, वास घेतला.

"पुन्हा कर," त्या म्हणाल्या.

पुन्हा केलं, तसंच आलं. "आता वेगळ्या दिवशी, ताज्या गोळ्या बनवून." तसंच आलं. तेव्हा कुठे त्या बसल्या. इतर रुग्णांचे जंतूही तपासले. बरेच मेले, काही मेले नाहीत. जे मेले नाहीत त्यांच्या बशा आपांनी पुढे ओढल्या आणि मेलेल्यांच्या मला दिल्या. डॉक्टर नबील येऊन उभे राहिले होते. त्यांनी एकेक बशी उचलून बघितली. मग म्हणाले, "लेखात हे न मेलेले आधी येतील. तुमच्या जखमेच्या पाण्याच्या पहिल्या, फसलेल्या निकालांसकट." आपांनी मान हलवली. "शुक्रन, डॉक्टर," म्हणाल्या. मी त्यांना कुणाचे आभार मानताना पहिल्यांदाच ऐकत होते.

जायच्या दिवशी त्यांनी निरोपसमारंभ होऊ दिला नाही. केक आणला होता, तो "साखरेच्या माणसाला केक देतात?" असं विचारून सगळ्यांना वाटून टाकला. मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता काही हळवं बोलतील. म्हणाल्या, "तिसऱ्या खणातला पीएच मीटर बिघडलाय, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस." आणि हुसेनभाईंच्या गाडीत बसल्या. गाडी वळली तेव्हा काचेतून त्यांचा हात दिसला, टाटा करणारा नव्हे, आत जा, कामाला लागा असं सांगणारा.

पुढे उंदरांवरच्या प्रयोगांना परवानगी मिळाली. ते चालू असताना माझ्या नवऱ्याला पुण्यात चांगली नोकरी आली, माझंही कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, आणि आम्ही परत जायचं जवळजवळ नक्की केलं होतं. त्याच आठवड्यात निकाल आले. इरलं घातलेल्या गोळ्या दिलेल्या उंदरांच्या जखमा भरत होत्या. मी लगेच आपांना त्यांच्या खाडीकाठच्या गावी फोन लावला, त्या आता तिकडेच राहत होत्या.

"आपा, उंदीर बरे झाले!"

"सगळे?"

"सगळे नाही. बहुतेक."

"मग बहुतेक म्हण." मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी सहज सांगितलं, "माझा पाय गेला गो मागच्या महिन्यात. गुडघ्याखालून."

मी रडतेय हे त्यांना कळलं असावं.

"रडू नको. नवा पाय बसवतायत, मापं नेलीत माझी. तो मेला समजतो काय? खाडीपर्यंत चालून दाखवीन त्याला." मग विचारलं, "माणसांचं कधी?"

"आपा, त्याला अजून काही वर्षं लागतील. सुरक्षिततेच्या चाचण्या, मग..."

"मला नको सांगू किती चाचण्या असतात. मी एवढंच विचारते, तू तिथं आहेस ना?"

"आहे," मी म्हणाले. तोवर आमचं परत जायचंच ठरत आलं होतं; राहायचं मी ते म्हणता म्हणता ठरवलं.